वेताळाची वहाण, लांडग्याचा वाटा

2025 सालच्या दिवाळीत, 21 ऑक्टोबर रोजी, आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा 'थामा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि ज्या सणात घरोघर पणत्या लावून अंधाराला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा आपला प्रघात आहे त्याच सणात रुधिरपान करणारा वेताळ आणि लांडग्यात रूपांतर पावणारा मनुष्य यांची झुंज लोकांनी पडद्यावर पाहिली. त्यातला लांडगा-मनुष्य अमर कौशिक यांच्या 2022 सालच्या 'भेडिया'तून, म्हणजे अरुणाचलाच्या अरण्यातून, इकडे आलेला. सरपोतदारांच्या कसबाविषयी मला आदर आहे. 2024 च्या 'मुंज्या'त त्यांनी कोकणातले पिशाच कोकणाच्याच मातीत उभे केले होते. परंतु वेताळ आणि लांडगा ही दोन्ही नावे ज्या मुलखाच्या नित्याच्या बोलण्यात आहेत त्या माणदेशात, विशेषतः आटपाडीच्या माळावर, ती कोणत्या अर्थाने नांदतात हे पाहिले, म्हणजे पडद्यावरच्या या हाडवैराची वंशावळ मुळापासून तपासावीशी वाटते.

ते वैर फारच कोवळे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्बियाच्या खेड्यांतून, मृत माणसे थडग्यातून उठून जिवंतांना छळतात अशा फिर्यादी ऑस्ट्रियन अंमलदारांकडे गेल्या, त्यांनी थडगी उकरून रीतसर पंचनामे केले, आणि त्या सरकारी कागदांतूनच 'व्हँपायर' हा शब्द पश्चिम युरोपच्या कानी पडला. पण त्याच स्लाव्ह मुलखात 'वुकोद्लाक' हा शब्द, ज्याच्या पोटात लांडगा आणि त्याची लव हे दोन्ही अर्थ आहेत, तो रक्तपिपासू प्रेतालाच लावला जात असे. लोकसमजुतीत, म्हणजे, ती दोन कुळे नव्हतीच. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला'तही लांडगे त्या उमरावाचे ताबेदार आहेत. तो हुकूम सोडतो आणि ते धावून येतात. त्यांना एकमेकांच्या अंगावर घातले ते हॉलिवुडने. 1941 च्या 'द वुल्फ मॅन'ने लांडगा-मनुष्य लोकप्रिय केला, 1948 च्या एका विनोदी चित्रपटात तो ड्रॅक्युलाशी झोंबला, आणि 2003 साली लेन वाइझमन यांच्या 'अंडरवर्ल्ड'ने त्या झोंबीला शतकानुशतके चाललेल्या युद्धाचे स्वरूप देऊन 2016 पर्यंत पाच चित्रपटांची मालिका चालवली. त्या मालिकेत बंदुका आणि रक्त यांचा अतिरेक आहे. तरी तिच्यातली एक कल्पना मला मोलाची वाटते, ती अशी की हे लांडगे-मनुष्य मूळचे रक्तपिपासू उमरावांचे बंदे दास असून, धनी उन्हात बाहेर पडू शकत नाहीत म्हणून दिवसा त्यांच्या गढीची राखण करणे हे त्यांचे काम होते. या कल्पनेकडे पुढे परत यावयाचे आहे.

आपल्या वेताळाला रक्तपिपासूंच्या पंगतीत नेऊन बसवले ते मुंबईच्या देशी पलटणीत नोकरी केलेल्या रिचर्ड बर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त अंतर्भूत असलेल्या वेताळकथांचे त्याने 1870 साली इंग्रजीत स्वैर रूपांतर केले आणि त्याचे नाव 'विक्रम अँड द व्हँपायर' असे ठेवले. स्मशानातल्या वृक्षाला लोंबकळणारे प्रेत एवढे साम्य त्याला पुरेसे वाटले असावे. परंतु वेताळपंचविशीतला, म्हणजे या कथांतला, वेताळ हा राजाच्या नरडीचा घोट घेत नाही. तो कूट प्रश्न घालतो, न्यायबुद्धीची परीक्षा पाहतो, आणि शेवटी कपटी साधूचा बेत फोडून राजाचे प्राण वाचवतो. महाराष्ट्राच्या गावगाड्यात तर त्याचे स्थान राखणदाराचे आहे. देशावर अनेक गावांच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या गोल दगडाच्या रूपाने तो बसलेला असतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे वेतोबाला चामड्याच्या भल्याथोरल्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची गस्त घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यावयाच्या, अशी त्यामागची श्रद्धा. वहाण झिजेपर्यंत दुसऱ्यांची वस्ती राखणारे हे दैवत, आणि सूर्याला भिऊन शवपेटीत निजणारा तो उमराव, यांना एका नावाखाली आणणे हा माझ्या मते दोघांवरही अन्याय आहे.

आता लांडगा. माणगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेला, पर्जन्यछायेत सापडलेला, कुसळी गवताचा आणि मुरमाड टेकाडांचा हा प्रदेश. येथे शेतीने पोट भरत नाही म्हणून मेंढरांनी भरावे लागते. आटपाडीला कार्तिकात उत्तरेश्वराची यात्रा भरते आणि तिच्यात शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार होतो. 2020 साली येथल्या बाजारात बाकदार नाकाच्या एका माडग्याळी मेंढ्याला 70 लाख रुपयांची मागणी आल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. अशा मुलखात रात्रीचा धनगरवाडा पाहावा. तिन्हीसांजेला मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली जातात. कोकरांना वेगळी जागा असते. भोवताली कुत्री पसरतात, आणि त्यांतल्या खमक्या कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोके काढलेल्या लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, कारण लांडगा धरतो तो नरडे. तो पट्टा हातात घेऊन पाहिला की या दोन जिवांचा संबंध समजतो: चामडे घामाने काळे पडलेले, आणि टोके मात्र दगडावर घासून पुन्हा पुन्हा तेज केलेली. शतकांच्या ओळखीतून घडलेले हे साधन आहे. आणि तरीही, लांडग्याने कोकरू उचलले तर तो त्याचा वाटा होता असे समजून पुढे चालणारे धनगर आजही आहेत.

खुद्द प्राणी दिसावयास किती सामान्य! भारतीय लांडगा युरोपातल्या भाईबंदांपेक्षा अंगाने लहान, वजन वीस किलोच्या आसपास, अंगावर विरळ पिंगट केस, लांब पाय. तो पौर्णिमेची वाट पाहत नाही. ससा, उंदीर, चुकलेले कोकरू, जे मिळेल त्यावर गुजराण करतो आणि माणसाची चाहूल लागताच ओढ्याच्या अंगाने नाहीसा होतो. उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात 2024 साली लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, हे दुःख मी लपवू इच्छीत नाही. पण हिशेब पाहावयाचा तर दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. ब्रिटिश अमदानीत लांडग्याच्या मुडद्यामागे खजिन्यातून इनाम मिळे, आणि इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अदमासाप्रमाणे 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत अशा इनामांपायी दोन लाखांच्या घरात लांडगे मारले गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत आसरा दिला खरा, पण आज देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपासच मानली जाते. ज्या जातीचे थोडेच जीव उरले, तिच्याच मुखवट्याने पडद्यावर भय विकावे, हे मला सलते.

भयकथा लिहिणाराला आटपाडीने काही कमी दिलेले नाही. येथेच 1921 साली जन्मलेले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले शंकरराव खरात यांनी 'तराळ-अंतराळ'मध्ये आपल्या वडिलांच्या तराळकीचे, म्हणजे गावच्या वतनी चाकरीचे, वर्णन केले आहे. विहिरीत प्रेत सापडले की त्याची राखण तराळाने करावयाची, उपाशीपोटी रात्र काढावयाची, आणि अंमलदार आला की त्याच्या दरडावणीखाली, जीव मुठीत धरून, त्याच विहिरीत उतरावयाचे. काठावर उभा राहून हे पाहणाऱ्या मुलाच्या काळजाचे पाणी झाले ते कोणा पिशाचामुळे नव्हे. गढीची राखण करणारे ते दास-लांडगे मला येथे आठवतात. बंद्या राखणदाराची जी गोष्ट 'अंडरवर्ल्ड'ने कल्पनेतून रचली, ती येथे वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष चालली होती.

दोन टोळ्यांच्या युद्धाचेही तसेच. आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचा हद्दीसाठी आणि माद्यांसाठी चाललेला जीवघेणा संघर्ष मांडला. त्यात अद्भुताचा लवलेश नाही, आणि ज्याला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते हे लहानसे पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो, कारण लेखकाने जनावराला जनावर म्हणूनच पाहिले आहे. आटपाडी हा औंध संस्थानाचा महाल असताना 1939 साली येथे स्वतंत्रपूर वसले, गुन्हेगार कैद्यांना कुंपणाशिवाय ठेवणारी वसाहत, तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांतारामांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. खुनी म्हणून ज्यांना जगाने श्वापदांत जमा केले होते त्यांच्यातला माणूस शोधणारी ही कथा याच माळाने चित्रपटसृष्टीला दिली, आणि बर्लिनपर्यंत तिचा गौरव झाला. आमच्या दिग्दर्शकांनी रक्तपिपासू उमरावांचा पोशाख वेताळाला चढवण्याआधी एकवार या बाजूला यावे, एवढीच माझी विनंती आहे; गस्त घालणारा देव, प्रेत राखणारा तराळ, वाघरीभोवती घिरट्या घालणारी लांडगीण आणि खिळ्यांचा पट्टा बांधलेला कुत्रा, एवढी पात्रे एका रात्रीच्या चित्रपटाला पुष्कळ आहेत.

मात्र घाई केली पाहिजे. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीला पोहोचले, कित्येक पिढ्यांची तहान भागली, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. याचा आनंद मानू नये असे कोणी म्हणणार नाही. पण बाग आली की माळ नांगरला जातो, आणि ज्याला सरकारदप्तरी पडीक म्हणतात ती जमीनच लांडग्याचे घर आणि मेंढराचे कुरण असते. 2023 साली महाराष्ट्र शासनाने आटपाडी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले आणि तेथल्या प्राण्यांत लांडग्याचीही गणना केली. त्या क्षेत्राचा विस्तार 9.48 चौरस किलोमीटर आहे.