नकाशाच्या मध्यावरचे ओसरते गाव

अमेरिकेचा मध्यबिंदू कोणता, या प्रश्नाचे उत्तर कॅन्सस राज्यातील लेबनन या खेड्यापाशी सापडते. सन १९१८ मध्ये सरकारी सर्वेक्षण खात्याने सलग ४८ राज्यांचा पुठ्ठ्याचा नकाशा कापून तो टोकावर तोलून पाहिला. तोल साधला तो बिंदू लेबननच्या वायव्येस, जेमतेम चार किलोमीटरवर निघाला. (अलास्का आणि हवाई १९५९ मध्ये राज्ये झाल्यावर संपूर्ण देशाचा मध्य साउथ डकोटात सरकला, ही गोष्ट वेगळी.) भोवती गवताळ माळ नांगरून केलेली गव्हाची आणि ज्वारीची शेते आहेत, ही ज्वारी भाकरीसाठी नव्हे, प्रामुख्याने पशुखाद्यासाठी.

मध्य लाभला, माणसे मात्र टिकली नाहीत. १९२० मध्ये ८०० हून अधिक असलेली लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत २१८ आणि २०२० मध्ये १७८ भरली. याला अवर्षणापेक्षाही ट्रॅक्टर अधिक कारणीभूत म्हणावा लागेल. यंत्रांमुळे एकच कुटुंब पूर्वीच्या कित्येक कुटुंबांची जमीन कसू लागले. शेते विस्तारली, घरे कमी झाली. गिऱ्हाईक घटले की दुकान बंद होते, मुले घटली की शाळा. आणि शाळा गेलेल्या गावात नवे कुटुंब सहसा येत नाही.

मध्यबिंदूचे स्मारक पाहायला प्रवासी अजूनही वाट वाकडी करतात. मोजणीत निघालेला बिंदू खासगी शेतात असल्याने स्मारक मात्र त्यापासून काहीसे दूर उभारलेले आहे.