लाल बटण दाबल्यानंतरची पाच मिनिटं

भोसरीतल्या एका कारखान्यात कन्व्हेअरमध्ये खोका अडकला, कुणीतरी लाल बटण हाणलं आणि पट्टा थांबला. रोजचंच. मला नवल वाटलं ते वायरमनकाकांचं. पॅनेलचं दार उघडून ते चक्क हाताची घडी घालून उभे! शेजारी सुपरवायझरची चुळबुळ चाललेली.

"काका, मोटार थांबलीय ना?"

"मोटार थांबलीय, साहेब. ड्राइव्ह जिवंत आहे."

या उत्तराचा अर्थ समजून घ्यायला मी नंतर त्यांच्याकडे परत गेलो.

पूर्वी हे बटण दाबलं की कॉन्टॅक्टर खट्टकन पडायचा आणि वीज तुटायची. आता मोटार ड्राइव्ह चालवतो, म्हणजे तिचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण. त्यात बहुतेकदा एसटीओ, म्हणजे 'सेफ टॉर्क ऑफ' असतो. आतल्या ट्रान्झिस्टरना जाणारे पल्स अडवले जातात आणि मोटारीचा जोर जातो. काही मिलिसेकंदांचं काम, तेही बिनआवाजी. दोन स्वतंत्र वाटांनी अडवतात, म्हणजे एक वाट दगावली तरी दुसरी असतेच. पंख्यासारखं जड काही असेल, तर जोर गेल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. म्हणून तिथे ड्राइव्हकडूनच आधी वेग उतरवून घेतात आणि मग जोर तोडतात. आयईसी ६०२०४-१ या मानकात आणीबाणीच्या थांब्याला हे दोनच प्रकार मान्य आहेत. व्यवस्था हुशार आहे, यात वाद नाही. पण ड्राइव्हच्या टर्मिनलवर सप्लाय तसाच उभा असतो, आणि हे त्या लाल बटणाकडे बघून कुणाला कळणार?

म्हणून काकांनी मेनचा आयसोलेटर पाडला, कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तरीही हात आत नाही.

"५८०," ते म्हणाले. ४१५ व्होल्टचा एसी ड्राइव्हमध्ये डीसी होतो तेव्हा साधारण एवढा भरतो आणि कपॅसिटरमध्ये बसून राहतो. मेन बंद केला तरी तो लगेच उतरत नाही. या ड्राइव्हच्या लेबलवर पाच मिनिटं थांबा असं छापलंय, मोठ्या ड्राइव्हवर पंधराही असतात. "घरातल्या २३० ला आपण घाबरतो, आणि इथं ५८० गुपचूप बसलेत."

पाच मिनिटं झाली. काकांनी मीटर आधी शेजारच्या चालू सॉकेटवर लावून बघितला. मीटरच मेलेला असला तर शून्य दाखवणारच की. मग डीसीच्या दोन टर्मिनलवर प्रोब टेकवले. आकडा सातवर होता, तोही उतरत होता. पुन्हा एकदा सॉकेट. मगच हातात स्क्रूड्रायव्हर आला. टोकाची धातूची टोपी, म्हणजे फेरूल, काळं पडलेली एक वायर बदलायची होती, तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

कुलूप निघालं, बटण फिरवून मोकळं केलं. तेवढ्यानं पट्टा हलला नाही, हलायचाही नसतो. स्टार्ट वेगळा द्यावा लागतो. तो सुपरवायझरनंच दिला आणि लगेच डाउनटाइमच्या रजिस्टरात नोंद केली. कपॅसिटर उतरण्याची पाच मिनिटं कुठे लिहिली म्हणून मी डोकावलो, तर रकान्याचं नाव होतं 'मेंटेनन्सचा उशीर'.