रडायचे राहून गेलेली मुले

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत किंवा भाईंदरच्या कोणत्याही गृहसंकुलात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘सध्या काय पाहतोस?’ असे विचारले, तर एखाद्या जपानी मालिकेचे नाव ऐकू येण्याचा संभव मोठा आहे. याच मुलांच्या थोरल्या भावंडांनी लहानपणी दूरचित्रवाणीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन पाहिला. आता जपानी चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत येतात आणि २०२५ साली ‘डीमन स्लेयर’च्या चित्रपटाला मुलांनी गर्दी केली. या चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. पालकांची यावर दोनच मते आढळतात. काहींच्या लेखी ते ‘कार्टून’ आहे, म्हणून निरुपद्रवी; इतरांच्या लेखी त्यात भुतेखेते आहेत, म्हणून निषिद्ध. दोन्ही मते बहुधा न पाहताच बनलेली असतात. म्हणून अशाच एका मालिकेचा आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या एका मराठी चित्रपटाचा परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे. दोन्हींचा विषय एकच आहे : मुलांचा शोक आणि मुलांची मैत्री.

मालिकेचे नाव ‘अनोहाना’. हे लघुरूप आहे. मूळ जपानी नाव लांबलचक असून ‘त्या दिवशी पाहिलेल्या फुलाचे नाव आपल्याला अजून ठाऊक नाही’ असा त्याचा साधारण आशय आहे. एप्रिल ते जून २०११ या काळात ती जपानमध्ये प्रसारित झाली. भाग अवघे ११. तात्सुयुकी नागाई यांचे दिग्दर्शन आणि मारी ओकादा यांचे लेखन. कथा घडते ती साइतामा प्रांतातील चिचिबु या डोंगरांनी वेढलेल्या गावात. लेखिका याच गावच्या. शाळकरी वयात त्यांनी शाळेत जाणे सोडून दिले होते आणि बराच काळ घरातच कोंडून घेतले होते, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. मालिकेचा नायक जिंता हाही शाळा सोडून घरी बसलेला मुलगा आहे, हे पाहता त्यातील खरेपणा कोठून आला ते कळते.

सहा बालमित्रांचा एक चमू असतो. डोंगरात त्यांची एक गुप्त झोपडी असते. एके दिवशी सर्वांच्या देखत जिंताला विचारले जाते : ‘मेन्मा तुला आवडते ना?’ तो लाजून काहीतरी लागेल असे बोलतो आणि पळून जातो. उद्या तिची माफी मागू, असे त्याच्या मनात असते. परंतु त्याच दिवशी मेन्मा अपघाताने नदीत पडून मरण पावते. तो ‘उद्या’ उगवतच नाही. चमू फुटतो, प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. काही वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुटीत, मेन्मा जिंतासमोर उभी राहते. ती केवळ त्यालाच दिसते. ‘माझी एक इच्छा पुरी करा,’ असे ती म्हणते. पण ती इच्छा कोणती, हे तिलाच आठवत नाही.

येथवर ही भुताची गोष्ट वाटेल. पुढे जे उलगडते ते निराळेच आहे. उरलेल्या पाचही मित्रांनी आपल्या मनात एकेक गुपित जपलेले असते आणि प्रत्येक गुपिताचा अर्थ एकच : ‘ती माझ्यामुळे गेली.’ जिंताला वाटते, आपण टाकून बोललो म्हणून. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वाटते, आपण तो विचारला म्हणून. एक मुलगा तिला बुडताना पाहत असतो आणि भीतीने त्याचे पाय हलत नाहीत. पुढे तो जगभर भटकतो, मोठ्याने हसतो, आणि ते दृश्य कोणालाही सांगत नाही. आणखी एक जण वरकरणी सर्वांत हुशार व यशस्वी, पण आतून सर्वांत मोडलेला.

लेखिकेने हे कल्पनेने रचले असले, तरी बालमनाचा अभ्यास करणारे हेच सांगतात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे नीट उमगत नाही. गेलेले माणूस परत येईल असे त्याला वाटत राहते. त्याहून थोडे मोठे मूल कारण शोधू लागते आणि कारण सापडले नाही की ते स्वतःकडे बोट दाखवते. ‘मी भांडलो होतो’, ‘मी त्याची बॅट दिली नाही’, ‘तो मरो असे मी एकदा मनात म्हटले होते’. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण मुलाला ते खरे वाटते, आणि म्हणूनच ते कोणाला सांगत नाही. शिवाय मुलांचा शोक मोठ्यांसारखा सलग नसतो. सकाळी ओक्साबोक्शी रडलेले मूल दुपारी क्रिकेट खेळताना दिसते. आपण म्हणतो, ‘बरे झाले, विसरला.’ तो विसरलेला नसतो. कधी तो शोक पोटदुखी होतो, कधी खोटे बोलणे, कधी शाळेचा कंटाळा.

मेन्माची इच्छा कोणती होती, हे शेवटी कळते. जिंताची आईही आजाराने गेलेली. आई इस्पितळात असतानाही तो रडत नसे; शहाण्यासारखा वागे. आपला मुलगा स्वतःला आवरून धरतो, याची आईला काळजी होती आणि छोट्या मेन्माने तिला वचन दिले होते की, मी जिंताला रडवीन. ज्या इच्छेसाठी पाच जण मिळून नोकऱ्या करतात, पैसे साठवतात, गावच्या परंपरेप्रमाणे आकाशबाण तयार करून उडवतात, ती इच्छा एवढीच निघते : एका मुलाला रडता यावे.

हे पाहताना आम्हांस आपल्या अंत्यविधींची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. वडिलांच्या शवपेटीपाशी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून ‘रडू नकोस हं, आता घरात मोठा तूच, आईला सांभाळायचे’ असे किती काका-मामा सांगतात! हेतू चांगला असतो. पण त्या क्षणी त्या मुलाचे बालपण आणि शोक, दोन्ही त्याच्या हातून काढून घेतले जातात. दुसरे वाक्य याहून जड : ‘देवाला तो फार आवडला, म्हणून देवाने त्याला नेले.’ मोठ्या माणसाला यात दिलासा मिळत असेल, पण ऐकणारे मूल त्यातून सरळ निष्कर्ष काढते : देव आवडत्या माणसांना नेतो, तर मग देवाला न आवडलेलेच बरे. असे बोलणे आपण धर्मगुरूंनीही टाळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशूने अश्रू ढाळले, असे योहानकृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात सांगितले आहे. काही क्षणांतच तो लाजराला उठवणार होता, तरीही तो रडला. मग दहा वर्षांच्या मुलाला मनाई कशासाठी?

आता त्या भुताविषयी. जपानमध्ये ऑगस्टच्या सुमारास ‘ओबोन’ हा सण येतो. त्या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात, अशी तेथील बौद्ध परंपरेतील श्रद्धा आहे. आसक्ती उरलेला आत्मा मागे रेंगाळतो आणि ती फिटली की शांत होतो, अशीही समजूत आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांचा पितृपक्ष ठाऊक असलेल्या वाचकाला हे फार अनोळखी वाटू नये. ख्रिस्तसभेची शिकवण निराळी आहे : मृत व्यक्ती भटकत राहत नाही, ती परमेश्वराच्या हाती असते, आणि आपला तिच्याशी संबंध प्रार्थनेचा असतो. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो त्या या नात्यानेच. हा फरक मुलांना समजावून सांगावा. तो कळण्याइतकी ती मोठी असतात. मात्र त्या एका कारणासाठी मालिकाच बंद करणे आम्हांस योग्य वाटत नाही. मालिकेतही मेन्माचे दिसणे हा केवळ निमित्ताचा धागा आहे. अखेरीस पाचही मित्र एकमेकांसमोर आपापले मन उघडे करतात, तिला निरोप देण्यामागचे आपले स्वार्थही कबूल करतात, आणि मगच तो निरोप खरा होतो. पापनिवेदनाचे मोल जाणणाऱ्याला यातील सत्य वेगळे सांगावे लागणार नाही.

भुताचा आधार न घेताही हीच गोष्ट सांगता येते, आणि ती मराठीत सांगितली गेली आहे. अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’ हा चित्रपट २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. तेथे मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला ‘क्रिस्टल बेअर’ पारितोषिक दिले. पुढे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला आणि २०१५च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. अकरा वर्षांचा चिन्मय वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. अर्चित देवधरने चिन्मय आणि अमृता सुभाष यांनी आई उभी केली आहे. नव्या वर्गात त्याला बंड्या आणि त्याची टोळी भेटते. पार्थ भालेरावने साकारलेला हा बंड्या मराठी पडद्यावरील सर्वांत जिवंत वात्रट मुलांपैकी एक म्हणावा लागेल.

या चित्रपटात वडिलांविषयी फार थोडे बोलले जाते, आणि तेच त्याचे बळ. चिन्मय रडत नाही. तो रुसतो, आईशी तुटक बोलतो, पुण्याला परत जायचे म्हणतो. एकदा मुले सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, जोराचा पाऊस येतो आणि मित्र चिन्मयला मागे सोडून निघून जातात. इतरांच्या दृष्टीने ती साधी बालिश चूक, पण वडील ज्याला सोडून गेले त्या मुलाच्या दृष्टीने दुसऱ्यांदा घडलेला विश्वासघात. तो मैत्रीच तोडतो. मित्रांविषयीचा त्याचा राग पाहताना जाणवत राहते की, हा राग निम्मा वडिलांवरचा आहे. आईही शोकात आहे, कचेरीतल्या कटकटींत आहे, आणि मुलाचे काय चालले आहे हे तिला उशिरा कळते. त्या दोघांत कोणीही वाईट नाही. पुढे मैत्री पुन्हा जुळते आणि जुळते न जुळते तोच आईची पुन्हा बदली होते.

हा शेवट पूनम सागरच्या वाचकाला लांबचा वाटणार नाही. मीरा-भाईंदर हे वाढले तेच मुंबईतून परवडणाऱ्या घराच्या शोधात आलेल्या कुटुंबांमुळे. अनेक घरे भाड्याची, करार ११ महिन्यांचा. करार संपतो, टेम्पो येतो, मोठी माणसे नवे घर किती चौरस फुटांचे याचा हिशेब करतात, आणि खाली आवारात एका मुलाचा जिवलग मित्र हिरावला जातो. तो मृत्यू नव्हे, हे खरे. पण मुलाच्या मनात निरोपाची पहिली शिकवणी तेथेच होते.

आणि खरोखरच एखादे मूल आजाराने वा अपघाताने जाते, तेव्हा? सांत्वनासाठी आपण आईवडिलांकडे जातो, जायलाच हवे. परंतु ज्या मुलाच्या शेजारी ते बाकावर बसत असे, ज्याच्यासोबत ते इमारतीखाली खेळत असे, त्याच्या घरी कोणी जात नाही. त्याला अंत्ययात्रेलाही नेत नाहीत. ‘मुले घाबरतात’ म्हणून. त्याची इच्छा असल्यास त्याला न्यावे, आधी काय पाहायला मिळेल ते सांगावे, आणि कंटाळला तर बाहेर आणायला एक मोठे माणूस सोबत ठेवावे. पवित्र मिस्साच्या वेळी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दिवंगत मुलाच्या मित्रमैत्रिणींचाही उल्लेख करावा. महिन्याच्या मिस्साला त्यांना बोलवावे. धर्मशिक्षण वर्गात त्या बाकावर लगेच दुसऱ्या मुलाला बसवू नये. ईयोबाचे मित्र पुढे बोलून बिघडवतात, पण सुरुवातीचे सात दिवस ते त्याच्यापाशी जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढे कोणालाही जमण्यासारखे आहे.

‘अनोहाना’ दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी नाही. त्यातील काही प्रसंग व संवाद किशोरवयीनांसाठी आहेत, आणि आईवडिलांनी सोबत बसून पाहिल्यास उत्तम. ‘किल्ला’ मात्र सारे घर मिळून पाहू शकते. पाहून झाल्यावर लगेच ‘काय शिकलास?’ असे मात्र कोणी विचारू नये. एखादे मूल बरेच दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, शाळा टाळत असेल किंवा ‘मलाही मरायचे आहे’ असे बोलत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य असून ती मराठीतही मिळते. मुलांसाठीचा क्रमांक १०९८ आहे.