हिल्सबरोची चौकशी

पोलिसांच्या हातून मोठी चूक झाली म्हणजे 'दोष कोणाचा?' हा प्रश्न लोक प्रथम विचारतात, व तो रास्तच आहे. परंतु घडल्या प्रसंगाचें मागाहून परीक्षण करण्याचा मुख्य हेतु निराळा असतो: एकानें जें पाहिलें, तें पुढच्याच्या कामीं यावें. असें न झाल्यास काय होतें, तें इंग्लंडांतील शेफील्ड शहराच्या हिल्सबरो क्रीडांगणावर दिसून आलें.

१९८१ सालीं तेथें फुटबॉलच्या एका सामन्यांत उभ्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी होऊन ३८ माणसें जखमी झालीं. पोलिसांनीं मैदानाकडील फाटकें उघडून लोकांस बाहेर घेतलें, म्हणून वेळ निभावली. आणि निभावलेल्या वेळेची खोल चौकशी सहसा कोणी करीत नाहीं! पुढें लोखंडी कुंपणें घालून त्या जागेचे कप्पे मात्र पाडण्यांत आले. १९८८ सालीं मधले कप्पे भरतांच त्यांकडे नेणारा बोगदा कांहीं शिपायांनीं बंद केला होता, असें साक्षींत आलें. पण ही युक्ति लेखी हुकुमांत उतरली नाहीं. ती करणारांच्या डोक्यांतच राहिली.

१५ एप्रिल १९८९ रोजीं लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्यांचा सामना होता. बंदोबस्ताचा मुख्य अधिकारी त्या हुद्द्यावर सुमारें तीनच आठवड्यांपूर्वीं आलेला. बाहेर प्रवेशद्वारांशीं जीवघेणी दाटी झाली, तेव्हां त्यानें दुपारीं २ वाजून ५२ मिनिटांनीं 'सी' फाटक उघडविलें. आंत आलेला लोंढा समोरच्या उघड्या बोगद्यांतून आधींच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. कडेच्या कप्प्यांत जागा मोकळी होती. फाटकाचा विचार झाला, बोगद्याचा झाला नाहीं. एकंदर ९७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील शेवटचा जखमी २०२१ सालीं वारला.

त्याच वर्षीं, म्हणजे १९८९ च्या ऑगस्टांत, लॉर्ड जस्टिस टेलर ह्यांनीं अंतरिम अहवाल दिला. पोलिसांचा ताबा सुटणें हेंच मुख्य कारण, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. परंतु प्रेक्षकांनींच फाटक फोडलें, अशी खोटी हकीकत त्या अधिकाऱ्यानें घटनेच्या दुपारींच सांगितली होती. आणि शिपायांच्या जबान्या वरिष्ठ व वकील ह्यांच्या हातांखालून जात होत्या. २०१२ सालीं एका स्वतंत्र मंडळानें जुनीं दप्तरें तपासलीं, तेव्हां १६४ जबान्यांत मोठे फेरफार आढळले. पैकीं ११६ जबान्यांतून पोलिसांस प्रतिकूल असा मजकूर काढलेला होता. माझ्या मतें संपूर्ण प्रकरणांत हीच गोष्ट सर्वांत बोलकी आहे. नेतृत्व नव्हतें, हुकूम मिळत नव्हते, असें शिपाई लिहीत होते. म्हणजे त्या दलास जें शिकावयाचें होतें तेंच त्यानें स्वहस्तें खोडून टाकलें.

प्रेक्षकांचा दोष नव्हता व त्यांचा मृत्यु बेकायदेशीर रीतीनें ओढवला, असा निर्णय ज्यूरीनें २०१६ सालीं दिला. तो ऐकण्यास कित्येक मृतांचे आईबाप हयात नव्हते.