टाळू भरते म्हणजे काय होतं?

कोल्हापुरात बाळाला न्हाऊ घालताना आजी आधी टाळूवर तेल घालते. बोटाखाली तिथं हलकं धडधडतं. टाळू म्हणजे हाडांमधली फट. आतल्या नाडीचे ठोके पडद्यातून जाणवतात.

तान्ह्याची कवटी एकसंध नसतेच. वाकळीचे तुकडे सैल टाचून ठेवावेत, तशी हाडं पडद्यांनी जोडलेली असतात. जन्मताना ती एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं सुटतं. पुढे मेंदू वाढतो, कवटीला आतून रेटतो आणि ताणलेल्या शिवणींच्या कडांना नवं हाड धरतं. जन्मावेळी सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४६ च्या आसपास जातो. टाळू बहुधा दीड वर्षापर्यंत बुजते. ती हाडानं भरते, तेलानं नव्हे.

कवटी पुढेही बदलत राहते; सीटी स्कॅनमध्ये वयाच्या या खुणा दिसतात. तान्ह्याची कवटी मोठी, चेहरा इवलासा. दात-जबडा वाढला की चेहरा लांबतो. म्हातारपणी शिवणी पुसट होतात, डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात. दात पडले की जबड्याचं हाड झिजतं, हनुवटी नाकाकडे सरकते. आजीचा चेहरा बदलतो, तो नुसत्या सुरकुत्यांनी नाही.

बाळाची टाळू खोल गेली किंवा शांत असतानाही फुगलेली दिसली, तर तेलात वेळ घालवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.