कोठडीत खंड न पडणारे शिक्षण

अमेरिकेतल्या बालसुधारगृहांत ‘विशेष शिक्षण’ म्हणजे वाया गेलेल्या मुलांना वळण लावणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते अध्ययन-अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन वा गणितात येणारा अडथळा), अपंगत्व किंवा भावनिक विकार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते. या हक्काचा पाया १९७५ च्या संघीय कायद्याने घातला. मूल कोठडीत गेले म्हणून तो संपत नाही.

रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात हलवले, तरी केसपेपर पाहून उपचार चालू राहतात. वैयक्तिक शिक्षण आराखड्याचेही (मुलाची उद्दिष्टे व त्याला द्यायची मदत यांची लेखी नोंद) तसेच.

सुधारगृहातल्या विशेष शिक्षणाच्या कार्यक्रमप्रमुखाला म्हणूनच आधी जुन्या शाळेकडून कागद मिळवावे लागतात. मग पात्र शिक्षक मिळवणे, वेळापत्रक आखणे आणि सुरक्षारक्षकांशी जमवून घेणे. बहुधा हे शेवटचेच सर्वांत अवघड. शिस्तभंगासाठी विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाला सलग १० शालेय दिवसांहून अधिक वर्गाबाहेर ठेवायचे, तर त्या वागण्याचे मूळ त्याच्या अक्षमतेत आहे का, हे तपासावे लागते. या काळातही शिकवणे बंद करता येत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये संघीय शिक्षण विभागाने राज्यांना लेखी बजावले, की हे नियम सुधारगृहांनाही लागू आहेत.