जेल कुणी खाल्लं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक पळवाट असते. बग सापडला नाही, की 'युजरची चूक' असं लिहायचं आणि तिकीट बंद करून टाकायचं. आजची गोष्ट एचआयव्हीवरच्या औषधाची आहे, पण ती वाचताना मला हीच सवय आठवली.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल प्रांतात तरुण मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण फार मोठं आहे. कंडोम वापरायचा की नाही, हे बऱ्याचदा पुरुषच ठरवतो. त्यामुळे बाईच्या स्वतःच्या हातात राहील असा उपाय हवा होता. तो म्हणजे टेनोफोव्हिरचं जेल, संबंधाच्या आधी आणि नंतर योनीत लावायचं. 'कॅप्रिसा ००४' या चाचणीत ८८९ स्त्रिया होत्या. २०१० मध्ये निकाल आला: लागण ३९ टक्क्यांनी कमी! मोठी बातमी होती ती. पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत जेल चाललं नाही. कारण काय, तर बायका ते नियमित लावत नाहीत.

आता हे खोटं नव्हतं. 'व्हॉइस' नावाच्या चाचणीत रक्त तपासलं, तेव्हा बऱ्याच जणींच्या रक्तात औषध सापडलंच नाही. पण तिकीट इथेच बंद करायचं का?

काही संशोधकांनी केलं नाही. कॅप्रिसातल्या ६८८ स्त्रियांचे जपून ठेवलेले नमुने काढून त्यांनी योनीतले जीवाणू तपासले. २०१७ मध्ये उत्तर आलं. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस जास्त, त्यांच्यात जेलने लागण ६१ टक्क्यांनी कमी केली. बाकीच्यांमध्ये फक्त १८ टक्के, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

असं का झालं? टेनोफोव्हिर पेशीत शिरतं, तिथे त्याचं कामाचं रूप तयार होतं आणि ते विषाणूला स्वतःची नक्कल करू देत नाही. पण गार्डनेरेला नावाचा जीवाणू ते औषध पेशीत पोचायच्या आधीच तोडून टाकतो. म्हणजे बाईने जेल अगदी वेळेवर लावलं, तरी औषध वाटेतच संपायचं!

शिवाय लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक ॲसिड बनवून योनीतलं वातावरण आम्ल ठेवतात. ते कमी झाले की दाह वाढतो, विषाणूला हव्या असलेल्या सीडी४ पेशी तिथे जमतात आणि मुळातच लागणीचा धोका वाढतो. (दही खाऊन हे ठीक होत नाही हं. दह्यातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या जातीचे.)

मग गोळीचं काय? टेनोफोव्हिरची रोजची गोळी रक्तातून पोचते, त्यामुळे या जीवाणूंच्या वाटेत ती तशी सापडत नाही. केनिया आणि युगांडातल्या चाचणीची आकडेवारी पाहिली, तर जीवाणूंचा समतोल बिघडलेल्या स्त्रियांनाही गोळीने संरक्षण दिलं होतं. म्हणून हे ऐकून कुणी गोळी बंद करू नका.

मला या गोष्टीतून एवढंच घ्यावंसं वाटतं. काही जणी खरंच जेल लावत नव्हत्या. पण ज्या लावत होत्या, त्यांच्याही माथी तोच दोष आला असता. ते नमुने फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते आणि कुणीतरी ते परत काढले, म्हणून खरं कारण कळलं.

सोमवारी ऑफिसात 'युजरची चूक' असं लिहिण्याआधी मी आता लॉग परत एकदा बघणार आहे. तुम्हीही बघा. भेटूया पुढच्या भागात!